आधी गाडी, मग सामान

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘चाक’ हा विषय दिला आणि मी वैजापूर गाठलं. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. दुचाकीला मात्र त्यावर प्रवेश नाही. मोटारसायकलवर लांब निघालेला माणूस आजही जुन्याच वाटेने जातो: छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, येवला, विंचूर, निफाड, नाशिक. एसटी, कांद्याचे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीकडे वळणाऱ्या गाड्या यांच्यातून वाट काढत तो वैजापुरात शिरतो, चहाला थांबतो आणि गाडीत काही कुरकुर असेल तर कडेच्या गॅरेजात लावतो.

मला ही गॅरेजं बघायची होती. मोटारसायकलवरचा दूरचा प्रवास हल्ली लाखो रुपयांच्या नव्या गाड्यांच्या जाहिरातीत दिसतो. तालुक्याच्या गावांत चित्र वेगळं आहे. इथे अनेक जण वडिलांच्या, क्वचित आजोबांच्या गाडीवर निघतात. वीस-तीस वर्षं वापरलेली गाडी हजारभर किलोमीटरच्या प्रवासाला कशी तयार होते, तिच्यावर काय चढवावं आणि काय चढवू नये, हे ज्यांच्या हाताला कळतं त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं.

एक यादी

पहिल्याच गॅरेजात एक शेतकरी भेटले. गाव गोदाकाठचं, वय चाळिशीचं. वडिलांची बुलेट ३५० घेऊन आले होते. दिवाळीनंतर कांद्याच्या लागवडी उरकल्या की पत्नीसह गोव्याला जायचं ठरलं होतं. खिशातून त्यांनी यादी काढली: दोन फॉग लाइट, मोबाइलचा चार्जर आणि स्टँड, मोठा लेग गार्ड, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, काचेचं विंडशील्ड, दोन हॉर्न आणि ‘आवाजाचा’ सायलेन्सर.

गॅरेजचे मालक साठीपुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी यादी वाचली, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, आधी हे सांगा, गाडी फिरवायची का दाखवायची? फिरवायची असंल तर यादीतलं निम्मं कटाप करा.”

शेतकरी म्हणाले, “चाचा, रात्रीचं येणं होईल. लाइट तर पाहिजेच ना?”

“लाइट पाहिजे. पण लाइटला करंट कुठून आणणार, ते पण बघा.”

माझ्या लेखाला दिशा मिळाली ती या संवादाने. जुन्या गाडीवर लावलेली प्रत्येक वस्तू तिच्याकडून काहीतरी घेते: कुणी वीज घेतं, कुणी तोल घेतं, कुणी ब्रेकची ताकद घेतं. गाडीकडे द्यायला किती शिल्लक आहे हे आधी मोजावं लागतं.

बिडाचं इंजिन

शेतकऱ्यांची बुलेट ‘बिडाच्या इंजिनाची’ होती. तिचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा ओतीव. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ सीसी. मूळ गाडी इंग्लंडमधल्या रेडिचच्या कंपनीची. पन्नासच्या दशकात भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५मध्ये त्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर भारतात जुळणी सुरू केली. पुढे कारखाना तिरुवोट्टियूरला उभा राहिला. इंग्लंडमधली कंपनी १९७०च्या सुमारास संपली, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. धुराचे नियम कडक झाल्यावर, २०१०च्या आसपास, बिडाचं इंजिन बंद झालं. पन्नासहून अधिक वर्षं मूळ आराखडा फारसा बदलला नाही, ही गोष्ट आजच्या मालकाच्या पथ्यावर पडते. १९८०च्या गाडीचा भाग १९९५च्या गाडीला कित्येकदा सरळ बसतो.

लांब स्ट्रोकमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांत दमदार ओढतं. कॉम्प्रेशन ६.५ला १, म्हणजे आजच्या गाड्यांच्या मानाने फारच कमी. त्यामुळे ते सोशिक आहे, मात्र उतावळं चालवलं की मोडतं. क्रँकवरच्या बिग एंडला जुन्या इंजिनात रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश असतो. तासन् तास ९०च्या वेगाने ओढलं, त्यातून तेल पातळ झालं, की तो बुश जातो आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून चाचांचा नियम साधा आहे: साठ-पासष्टची चाल, दर तासाने थांबा, आणि थांबल्यावर आधी तेलाची काडी बघा, मग चहा घ्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनाला दुपारी बारा ते चार विश्रांतीच द्यावी, असंही ते सांगतात.

अशी गाडी ज्याने चालवलेली नाही त्याला पहिल्यांदा धडकी भरते. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. किक मारायलाही पद्धत लागते. चावी लावून किक हलके हलके दाबायची, हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरची सुई मध्यावर आली की वाल्वचा लिव्हर ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा आणि मग पूर्ण किक. घाई केली तर किक उलटी मारते आणि पोटरी दुखावते. प्रवासाला दुसरं कुणी गाडी चालवणार असेल, तर त्याला हे सगळं आठवडाभर आधी शिकवायला हवं.

सर्व्हिस कशाला म्हणायचं

धुऊन, तेल बदलून, पॉलिश मारून दिलेल्या गाडीला चाचा सर्व्हिस झालेली गाडी म्हणत नाहीत. त्यांनी शेतकऱ्यांची बुलेट रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली, कारण टॅपेट थंड इंजिनावरच बघायचे असतात. सकाळी सिलिंडरच्या उजवीकडचं छोटं झाकण उघडलं, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणला आणि पुशरॉड दोन बोटांनी फिरवून पाहिले. रॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. एक्झॉस्टचा रॉड घट्ट निघाला. असा घट्ट वाल्व पूर्ण बसत नाही, जळतो, आणि लांबच्या प्रवासात गाडीची ओढ हळूहळू मरते.

मग पॉइंट. कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवली, काजळी बारीक पॉलिश पेपरने काढली. कंडेन्सर बदलला. जुना चांगला असला तरी तो डबीत घालून सोबत द्यायचा, कारण रात्री घाटात गाडी बंद पडली तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. प्लग काढून त्याचा रंग पाहिला. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर इंजिन भाजतंय.

तेल बदलल्यानंतरची एक तपासणी त्यांचा हात न थांबता करतो. इंजिन चालू ठेवून, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल वर चढतंय का ते बघायचं. बुलेटच्या तेलाच्या पंपात कचरा अडकला तर वर डोक्यात तेल पोचत नाही, आणि डॅशबोर्डवर ते सांगणारा दिवा नसतो.

त्यानंतर चाकं. तारा एकेक करून वाजवल्या; जिचा आवाज बद्द आला ती तार सैल. रिममध्ये आऊट, म्हणजे वाकडेपणा, होता तो काढला. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. शेतकऱ्यांच्या मागच्या टायरची नक्षी झकास होती, कारण गाडी उभीच असायची. पण रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा पडल्या होत्या. असा टायर पावसाच्या पहिल्या शिडकाव्यात घसरतो. तो बदलायचा ठरला. चेन सगळ्यात ताठ जागेवर मोजून सैल-घट्ट केली आणि ग्रीस न लावता ९० नंबरचं गिअर ऑइल लावलं. काळ्या मातीची धूळ ग्रीसवर चिकटून चेन आणि तिची चक्रं घासते. ज्या तालुक्यात निम्मे रस्ते शेतातून जातात, तिथे हा फरक काही महिन्यांतच दिसतो.

हे सगळं होईस्तोवर यादीतली एकही वस्तू गाडीवर चढली नव्हती.

आटे, लेथ आणि नकली माल

जुन्या बुलेटचा एक छळ बाहेरच्या माणसाला दिसत नाही. तिचा जन्म इंग्रजी मापांत झाला आणि पुढे हळूहळू मेट्रिक मापं शिरली. त्यामुळे एकाच गाडीत दोन-तीन जातींचे आटे सापडतात. मिलिमीटरचा पाना इंग्रजी नटावर जवळजवळ बसतो, आणि हे ‘जवळजवळ’ घातक आहे: नटाचे कोपरे झिजतात, मग कुणी छिन्नी लावतं, मग आटे जातात आणि शेवटी इंजिनाच्या केसिंगवर वेल्डिंग येतं. चाचांकडे इंग्रजी पान्यांचा संच वेगळ्या कापडात गुंडाळलेला आहे. त्यांचा चेला, सतरा-अठराचा पोरगा, पाना लावण्याआधी तो बोटाने हलवून बघतो. खेळला तर दुसरा घेतो.

पलीकडच्या लेथवर एक तरुण भेटला. काही वर्षं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५चा. त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले आणि गंगापूर-वैजापूरच्या मुलांच्या हातात मायक्रोमीटर आला. हा तरुण सिलिंडरचा बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजतो, आधी पिस्टन हातात घेतो आणि मगच बोअर करतो. “पिस्टन नंतर आणतो, तुम्ही बोअर करून ठेवा, असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही,” तो म्हणाला. नवे ओव्हरसाइज पिस्टनसुद्धा मापाला तंतोतंत सारखे नसतात. फट कमी राहिली तर उन्हात पिस्टन जाम होतो.

सुट्या भागांचं दुकान हा तिसरा कोपरा. बुलेटचे भाग मिळतात, भरपूर मिळतात. त्यात नकली किती हे ओळखणं कठीण. चाचा मोजक्या ठिकाणी तडजोड करत नाहीत: क्लच प्लेट, पॉइंट, ब्रेक लायनर, केबल आणि बेअरिंग. नंबर प्लेटचा ब्रॅकेट किंवा टूलबॉक्सचं झाकण स्थानिक चालतं. जुना पण मूळ कंपनीचा भाग दुरुस्त होत असेल तर नव्या नकलीपेक्षा तो बरा, हे त्यांचं मत. अशा गॅरेजात म्हणूनच भंगारचा डबा कधी रिकामा होत नाही.

विजेचा हिशेब

आता यादीतली पहिली वस्तू: दोन फॉग लाइट. मागणी रास्त होती. उसाचा हंगाम सुरू झाला की गोदाकाठच्या रस्त्यांवर रात्री दुहेरी ट्रॉल्या धावतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. जुन्या बुलेटचा पिवळसर उजेड तिथे अपुरा पडतो.

पण ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टला भागलं तर नऊ अँपिअरहून जास्त. या गाडीचा ऑल्टरनेटर हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, इग्निशन आणि बॅटरी यांच्यापुरता बनवलेला. दोन हॅलोजन लावले की अँपिअर मीटरची सुई डावीकडे झुकते. म्हणजे दिवे बॅटरी खातायत. किक-स्टार्ट बुलेटला बॅटरीही लहानच. तासाभरात ती रिकामी होते, आणि पॉइंटच्या इग्निशनला बॅटरीच ठिणगी देते. प्रखर उजेडासह गाडी अंधारात उभी राहते. ज्यांची गाडी सहा व्होल्टची आहे, त्यांनी तर हा विचारच सोडावा.

चाचांनी यावर जो तोडगा काढला तो असा. कमी वॉटचे दोन एलईडी, त्यांना बॅटरीपासून वेगळी तार, मध्ये रिले, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, हँडलवर स्वतंत्र बटण. जुन्या वायरिंगला कापून जोड द्यायचा नाही. त्याआधी मूळ वायरिंग तपासायचं: हँडल वळतं तिथे, सीटखाली आणि टाकीखाली तारेचं कातडं सोललेलं असतं. दिव्यांचं तोंड रस्त्याकडे खाली ठेवायचं. समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला उजेड आपल्यालाच महागात पडतो. दुसरा हॉर्न यादीतून कटाप झाला.

मोबाइलच्या चार्जरला वीज फारशी लागत नाही. अडचण स्टँडची आहे. बुलेटची थरथर हँडलमधून थेट फोनमध्ये उतरते. अॅपल कंपनीने २०२१मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा दिला होता. शेतकऱ्यांचा फोन साधा होता. तरी चाचांनी स्टँडखाली रबर घालायला सांगितलं आणि वर म्हणाले, “रस्ता थांबून बघायचा, चालवताना नाही.”

वजन आणि उतार

पत्र्याच्या पेट्यांवर बराच वेळ बोलणं झालं. रिकामी पेटीच जड, त्यात कपडे, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, आणि मागे माणूस. पेट्या मागच्या अॅक्सलच्या पलीकडे लोंबकळल्या की पुढचं चाक हलकं होतं आणि ठरावीक वेगाला हँडल डुलायला लागतं. असं डुलणं दिसलं की लोक टायरला दोष देतात. बऱ्याचदा हँडलचा कोन सेट सैल असतो, किंवा मागच्या फोर्कचे बुश गेलेले असतात, आणि वजनाने ते फक्त उघडं पाडलेलं असतं.

म्हणून कापडी पिशव्या ठरल्या, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. हत्यारं, तेल आणि सुटे भाग तळाशी आणि पुढच्या बाजूला. हलकं अंथरूण-पांघरूण मागच्या कॅरिअरवर. उजव्या बाजूची पिशवी सायलेन्सरला लागू नये म्हणून वेल्डिंगवाल्याने सळईची चौकट करून दिली. डाव्या बाजूला साडी गार्ड तसाच ठेवला. तो जुनाट दिसतो म्हणून काढून टाकायची टूम आहे, पण मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत यासाठी चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे, आणि साडी-ओढणीने झालेले अपघात ज्यांनी पाहिलेत ते त्याच्याशी खेळत नाहीत.

लेग गार्ड साधाच बसला, पण नायलॉनच्या लॉकनटाने. या गाडीवर लॉकनट किंवा स्प्रिंग वायसर नसलेला बोल्ट दोनशे किलोमीटरही टिकत नाही. विंडशील्ड कटाप झालं. वाऱ्याचा अडसर वाढतो आणि अठरा अश्वशक्तीच्या इंजिनाला तेवढं जास्त राबावं लागतं.

उरलेले पैसे ब्रेकला गेले. वजन वाढवलं की गाडी थांबायला जास्त जागा लागते. या बुलेटला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. नवे लायनर, नव्या केबल, ब्रेकच्या कॅमला हलकं ग्रीस. मग परीक्षेसाठी शिऊर बंगल्याच्या रस्त्याने कन्नड आणि तिथून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. गौताळ्याच्या डोंगरातला हा उतार जुन्या ब्रेकची खरी ओळख करून देतो. सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतो आणि ब्रेक मरतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची आणि ब्रेक तुकड्या-तुकड्याने वापरायचा. पत्नीला मागे बसवून, पिशव्या भरून हा घाट एकदा उतरल्याशिवाय गोव्याचं नाव काढू नका, असं चाचांनी बजावलं.

टाकीत उतरलेला ऊस

गेल्या दोन वर्षांत या गॅरेजांत नवी तक्रार वाढली आहे: पेट्रोलची. २०२५मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉल उसाच्या रसापासून आणि मळीपासून बनतं, धान्यापासूनही बनतं. कोपरगाव-श्रीरामपूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे; गोदाकाठच्या शेतकऱ्याचा ऊस त्याच्याच गाडीच्या टाकीत उतरतो. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, ही जमेची बाजू आहे. बिडाच्या इंजिनाची गाडी मात्र अशा पेट्रोलसाठी बनलेली नव्हती.

इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. गंजाचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. जुनी रबरी नळी, कॉकचे वायसर आणि फ्लोटची सुई फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. कार्बोरेटरचं जेट ठरलेल्या मापाचं असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. प्लग पांढरा येतो तो यामुळे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेजही थोडं घटतं.

उपाय गॅरेजातच आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी, नवे वायसर, कॉकखाली गाळणी, गरज पडल्यास मुख्य जेट एक माप मोठं. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायचं. पेट्रोल पंपावर पर्याय नसताना एवढं मालकाच्या हातात आहे.

कालपरवाच्या जुन्या गाड्या

जुनी गाडी म्हटलं की बुलेट किंवा येझदी डोळ्यांसमोर येते. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि येझदी बनवल्या. कारखाना बंद होऊनही त्यांचे भाग कुठून कुठून मिळतात, कारण चाहते टिकले. आता जुन्या होऊ लागलेल्या गाड्यांची पिढी वेगळी आहे. २००३ची हिरो होंडा करिझ्मा घ्या: २२३ सीसी, मोठी टाकी, पुढे फेअरिंग. तिने तालुक्यातल्या कित्येक तरुणांना पहिल्यांदा लांब नेलं. आज ते तरुण चाळिशीत आहेत आणि गाडी गोठ्याशेजारी उभी आहे.

चाचांच्या चेल्याने सांगितलं की त्याला करिझ्माची भीती जास्त वाटते. इंजिन दणकट आहे. अडतं ते प्लास्टिकवर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर. फेअरिंग तुटली तर ती लेथवर बनत नाही. २००९च्या करिझ्मा झेडएमआरमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा सेन्सर बिघडला तर कानाने कळत नाही आणि पान्याने सुटत नाही. बिडाची बुलेट उघडून दाखवते की काय झालंय. म्हणून करिझ्मासारखी गाडी ठेवणाऱ्यांनी सुटे भाग आजच जमवावेत: सीडीआय, रेग्युलेटर, फ्युएल पंप, मीटर. दहा वर्षांनी हेच भाग नसल्यामुळे चांगली इंजिनं भंगारात जातील.

कागद आणि आवाज

यादीतली शेवटची वस्तू होती सायलेन्सर. इथे चाचांनी सरळ नकार दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापलीकडे माणसांचा प्रश्न आहे. आवाजाच्या सायलेन्सरने दवाखान्यातला रुग्ण, झोपलेलं मूल आणि रस्त्याकडेचं जनावर दचकतं. जुन्या बुलेटचा मूळ सायलेन्सर नीट बसवला की तिचा जो संथ, जाड ठोका ऐकू येतो तो कुठल्याही पोकळ नळीत मिळत नाही.

कागद आधी बघावेत. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला त्यासाठी २,००० रुपये शुल्क आहे. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. एमएच २०च्या हाताने रंगवलेल्या सुंदर पाट्या आता घरात जपाव्यात. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. पण तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला फिरायचं आहे त्याने या मोहात पडू नये, साधी नोंदणीच चालू ठेवावी.

शेवटचा हिशेब

शेतकऱ्यांच्या यादीतले दिवे, चार्जर, लेग गार्ड आणि पेट्यांच्या जागी पिशव्या राहिल्या. त्यांच्या जोडीला टायर, ब्रेक लायनर, केबल, कंडेन्सर, पेट्रोलची नळी आणि वायरिंगची दुरुस्ती आली, जी यादीत नव्हती. चाचांनी एक वहीही दिली: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुणी बदललं. अशी वही असलेली गाडी परक्या गावातल्या मिस्त्रीलाही लवकर कळते.

या कामाची किंमत आपण फार कमी लावतो. दहा हजारांची पेटी घेताना घासाघीस न करणारा माणूस टॅपेट लावण्याच्या मजुरीवर हुज्जत घालतो. चाचांसारखे मिस्त्री थकत चालले आहेत आणि त्यांच्याकडचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात सलग लिहिलेलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना चांगला पगार मिळाला, गावातल्या आयटीआयने अशा कारागिरांना शिकवायला बोलावलं, तरच पुढच्या पिढीत या गाड्या चालतील.

दिवाळीच्या सुटीत जुनी गाडी घेऊन निघणार असाल, तर आदल्या संध्याकाळी गॅरेजात नेऊ नका, आठ दिवस आधी न्या. सजावटीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले पहिले पैसे टायर, ब्रेक आणि वायरिंगला द्या. मिस्त्रीला त्याची मजुरी पूर्ण द्या. त्यानंतर जे उरेल त्यात जे बसेल तेवढंच सामान गाडीवर लावा.